मचूळ विहिरीच्या पायऱ्या

दैवशालाबाई भित्री आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी म्हणायला नको की लपवलं. आणि भित्री म्हणजे साधीसुधी नव्हे हो! कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत बाई स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभी असते. नवरा अप्पाराव ड्युटीवरून यायला दहा मिनिटं उशीर झाला, की ही गल्लीच्या तोंडाशी. मोबाइलवर अनोळखी नंबर दिसला, की आधी छातीवर हात ठेवते, "अगं माय, कुणाचं काय झालं आसंल?" म्हणते आणि मग उचलते. पलीकडून कुणीतरी कर्ज पाहिजे का म्हणून विचारतो, तर त्याला म्हणते, "बरं झालं बाबा, मला वाटलं काय न् काय."

माहेर केदारखेड्याचं. आई लहानपणीच गेली, बाप शेतात. हिला वाढवलं ते थोरल्या भावानं, पुंजारामनं. नऊ वर्षांनी मोठा. शाळेच्या वाटेवर कुत्री असायची, तर हा तिला खांद्यावर बसवून न्यायचा आणि वरून कुत्र्यांना शिव्याही द्यायचा. बहिणीला जितकी भीती, तितकी याला नावालाही नाही. जणू एकाच घरात आलेली भीती सगळी तिच्या वाट्याला आली आणि याला काही उरलंच नाही. मोठा झाल्यावर त्यानं धंदाही तसाच धरला. विहिरीत उतरायचं, बंद पडलेल्या मोटारी काढायच्या, पाइपातला गाळ मोकळा करायचा. पंचक्रोशीतल्या चाळीस तरी विहिरींच्या तळाला त्याचे पाय लागलेले. राखीपौर्णिमेला ओवाळताना दैवशाला दरसाल म्हणायची, "दादा, आता विहिरीत उतरणं सोड." तो दरसाल हसायचा आणि ताटातला पेढा तिच्याच तोंडात कोंबायचा.

आता तिची नोकरी. जालन्याच्या एमआयडीसीत सुरजमल शेठजींचा लोखंड ओतायचा कारखाना आहे. मोठा नव्हे, मधलाच. शेठजींचा मुलगा जिनेंद्र पुण्याला धातूंचं शिकून आला आणि त्यानं कारखान्याच्या मागच्या खोलीत छोटी प्रयोगशाळा मांडली. दैवशाला तिथं झाडायला लागली होती. पण भित्र्या माणसाचा एक गुण असतो बघा, तो कुठलीही वस्तू दोन्ही हातांनी धरतो. जिनेंद्रनं ते हेरलं. वर्षभरात त्यानं तिला नाजूक काट्यावर वजन करायला शिकवलं, नमुने धुवायला, वाळवायला, वहीत लिहायला शिकवलं. सातवी शिकलेली बाई दशांशाचे चार आकडे बिनचूक लिहायला लागली. काटा हलू नये म्हणून वजन करताना श्वाससुद्धा रोखून धरायची.

जिनेंद्रच्या डोक्यात एक खूळ होतं. खूळ म्हणतो, पण पोरगा हुशार, उगाच नाव ठेवत नाही. लोखंडात अॅल्युमिनियम बराबर प्रमाणात मिसळलं, तर न गंजणारा धातू होतो आणि तो स्टेनलेसपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो, असं त्याचं म्हणणं. त्यानं दैवशालाला समजावूनही सांगितलं होतं. "मावशी, ह्या धातूच्या अंगावर आपोआप एक पापुद्रा धरतो. डोळ्याला दिसत नाही, पण तोच पाण्याला आत येऊ देत नाही. पापुद्रा शाबूत, तोवर धातू शाबूत."

"आन् पापुद्रा फाटला तर, छोटे शेठ?" असं तिनं लगेच विचारलं. भित्र्या माणसाला दुसरं काय सुचणार!

"म्हणून तर पाण्यात ठेवून बघायचं," तो म्हणाला.

त्या धातूचं पहिलं काय करावं, कुठं लावून बघावं, असा विचार चालला होता, तेव्हा या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन तोंड उघडलं. केदारखेड्याच्या गावविहिरीचं पाणी मचूळ. प्यायला चालत नाही, चालतं ते जनावरांना, धुण्याला आणि पोरांना पोहायला. त्या पाण्यानं विहिरीतल्या लोखंडी पायऱ्या खाऊन टाकल्या होत्या. आदल्याच साली एक पायरी तुटून पुंजारामची मांडी फाटली होती, सोळा टाके पडले होते. दैवशाला हात जोडून म्हणाली, "शेठ, तुमचं ते न गंजणारं लोखंड हाय ना, त्याच्या पायऱ्या माझ्या भावाच्या गावाला द्या." बोलून झाल्यावर ती लगेच वजनाच्या काट्याकडं वळली. पण जिनेंद्रला कल्पना आवडली. तो म्हणाला, "आधी त्याच विहिरीचं पाणी आणा. त्याच पाण्यात नमुने तीन महिने ठेवू. टिकले, तर पायऱ्या फुकट देतो."

पुंजारामनं वीस लिटरचा कॅन भरून यष्टीतून आणला. कंडक्टरशी भांडला, कॅन मांडीवर घेऊन बसला, स्टँडवरून खांद्यावर घेऊन कारखान्यात आला. जिनेंद्रनं आठ काचेच्या पेल्यांत पाणी ओतलं, प्रत्येकात बिस्किटाएवढी एक धातूची पट्टी सोडली आणि दैवशालाला सांगितलं, "दर सोमवारी पेल्यातलं पाणी टाकायचं आणि कॅनमधलं नवं भरायचं. पट्टीचं वजन लिहायचं. कॅन संपत आला की भावाकडून दुसरा मागवायचा. बस्स."

आणि इथं घोटाळा झाला. तो घोटाळा आपल्याच माणसांच्या हातून होऊ शकतो, म्हणून जरा तोंड सोडून बोलतो, राग मानू नका.

आपल्या जालन्याला नळ कधी येतो? आठ दिवसांनी, दहा दिवसांनी. कधी पंधरासुद्धा. आठ दिवस आपण पाणी जपून जपून वापरतो, हात धुतलेलं पाणी कुंडीत घालतो. आणि नळ आला की काय करतो? हंड्यात, पिंपात उरलेलं सगळं पाणी रस्त्यावर ओततो! का तर म्हणे शिळं झालं. सकाळपर्यंत जे प्यायलो, ते नळाला धार लागल्याबरोबर शिळं! गल्लीच्या गल्ली ओली करतो आणि ताजं भरून समाधानानं बसतो. दुष्काळी जिल्ह्यातली माणसं आपण, पण ही खोड काही जात नाही.

दुसऱ्या सोमवारी कारखान्यात नळ आला होता. दैवशालानं कॅनचं झाकण उघडलं तर पाणी हिरवट झालेलं, वास मारणारं, वर डासांच्या अळ्या वळवळणाऱ्या. तिच्या हातांना लहानपणापासून जे वळण होतं तेच हातांनी केलं. कॅन मोरीत उपडा केला, आतून राखेनं घासून काढला आणि नळाचं ताजं, स्वच्छ, गोडं पाणी काठोकाठ भरलं. तिला वाटलं आपण चांगलंच काम केलं. कामचुकारपणा नव्हता हो त्यात. उलट जास्तीचीच मेहनत होती.

त्याच दिवशी पेले मोरीकडं नेताना एका पेल्याचा काठ उडाला. झालं! आता शेठ रागावणार. तिनं तो पेला, आतलं विहिरीचं पाणी आणि पट्टी, सगळं तसंच प्लास्टिकनं बांधून कपाटाच्या तळाशी मागं सारलं. नवा पेला घेतला, नवी पट्टी टाकली. आठाचे आठ झाले, कुणाला काही कळलं नाही.

तीन महिन्यांनी आठही पट्ट्या नव्यासारख्या चकचकीत. वजनात केसाएवढा फरक नाही. जिनेंद्र नाचायचा बाकी होता. त्यानं छापील कागद केला, 'विहिरीच्या पाण्यात तीन महिने चाचणी, गंज नाही.' मे महिन्यात पाणी तळाला गेलं, तेव्हा केदारखेड्याच्या विहिरीत वरपासून खालपर्यंत नव्या पायऱ्या बसल्या. गावानं नारळ फोडला. पुंजारामनं सगळ्यांना सांगितलं, "माझ्या बहिणीनं आणल्या." पावसाळ्यात विहीर भरली, खालच्या अर्ध्या पायऱ्या पाण्यात बुडाल्या आणि सगळे ते विसरून गेले.

एक वर्ष गेलं. यंदाच्या एप्रिलातली गोष्ट. कपाट साफ करताना दैवशालाच्या हाताला तो प्लास्टिकनं बांधलेला पेला लागला. पाणी अर्ध्यावर आटलेलं, काठाला पांढरी खपली. पट्टी मात्र चमकत होती. तिनं ती पुसली, उजेडात धरली. पट्टीवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक बारीक काळे ठिपके होते. ती खिडकीकडं वळली आणि ओल्या बोटांतून पट्टी फरशीवर निसटली.

लोखंडाची पट्टी पडल्यावर काय होतं? खण्णकन वाजते. ही वाजली नाही. टच्च असा आवाज आला आणि पट्टीचे दोन तुकडे झाले.

दैवशालानं ते दोन तुकडे उचलले. मग तिनं खणातून, त्या कागदावरच्या आठांतली एक पट्टी काढली. ती मुद्दाम फरशीवर टाकली. खण्ण! काही झालं नाही. उचलून परत टाकली, जोरात आपटली. काही नाही. तोच धातू, त्याच दिवशी ओतलेला, मग फरक कशाचा? आणि फरक कशाचा हे तिच्या हळूहळू ध्यानात यायला लागलं. ही पट्टी विहिरीच्या पाण्यात राहिली होती. बाकीच्या आठ दुसऱ्या सोमवारपासून नळाच्या पाण्यात.

तुकडे घेऊन ती जिनेंद्रच्या केबिनला गेली. "छोटे शेठ, ही पट्टी मोडली. कपाटात ऱ्हायल्ती. विहिरीच्या पाण्यातली हाय."

जिनेंद्रनं तुकडे निरखले, कपाळाला आठ्या पडल्या. पण मग तो हसला. "सुरुवातीच्या मिश्रणातली असेल मावशी. ओतकामात एखादी खराब निघते. आपल्या आठ पट्ट्या तीन महिने त्याच पाण्यात होत्या ना? एकीलाही काही झालं नाही. टेन्शन घेऊ नका बिलकुल."

आता इथं बोलायला पाहिजे होतं की नाही? 'शेठ, त्या आठ पट्ट्या त्या पाण्यात नव्हत्याच', एवढंच वाक्य. पण तिच्या डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं. कामावरून काढतील. फसवलं म्हणून पोलिसात देतील. गावात भावाची मान खाली जाईल. ती "बरं शेठ" म्हणाली आणि परत आली. मला तिचा इतका राग येतो या जागेवर, की काय सांगू. पण तिला स्वतःचा त्याहून जास्त येतो, म्हणून गप्प बसतो.

दोन घास खाऊन घ्यावेत म्हणून तिनं डबा उघडला, पण घास उतरेना. तेवढ्यात पुंजारामचा फोन आला. उगाच आलेला, ख्यालीखुशालीचा.

"काय करून राह्यली, दैवू?"

"काई न्हाई दादा. तू?"

"विहिरीवर निघालो. पाणी लई खाली गेलं औंदा, मोटारीच्या पायपात गाळ बसलाय. उतरतो आन् काढतो जल्दी."

तिच्या हातातली चपाती डब्यात पडली. "दादा, नको उतरू! आज नको!"

पलीकडून तो खो खो हसला. "तू कवा म्हणली का बाई, उतर म्हणून? पंधरा सालं झाली, हेच ऐकून राह्यलो."

"न्हाई दादा, आज खरंच..."

"पायऱ्या तूच दिल्या आन् तूच भेती! चल, ठेवतो. सर्जेराव दोर घेऊन वाट बघून राह्यला." फोन बंद झाला. तिनं परत लावला. वाजत राहिला. तिला माहीत होतं, विहिरीवर गेला की दादा सदरा काढून लिंबाच्या फांदीला अडकवतो आणि फोन सदऱ्याच्या खिशात असतो. भावजय सगुणाबाईचा फोन लावला, तो बंद. तिनं दादाला आणखी चार वेळा लावला. सहा वेळा. तो वाजून वाजून बंद पडत होता.

मग ती उठली. जन्मभर दाराबाहेर थांबून 'येऊ का' विचारणारी बाई केबिनचं दार ढकलून आत शिरली. आत दोन व्यापारी बसलेले होते. त्यांच्यादेखतच बोलली.

"शेठ, म्या पाणी फेकलं व्हतं. विहिरीचं. शिळं झालं म्हणून फेकलं आन् नळाचं भरलं. त्या आठी पट्ट्या नळाच्या पाण्यात व्हत्या. आन् माझा भाऊ आता विहिरीत उतरून राह्यला."

जिनेंद्र उठला. त्यानं ते दोन तुकडे टेबलावरून पुन्हा उचलले आणि या वेळी तुटलेली कड उजेडात धरून पाहिली. मग गाडीची किल्ली घेतली. व्यापाऱ्यांना काय सांगितलं, सांगितलं की नाही, तिला आठवत नाही.

भोकरदन रस्त्यानं गाडी पळत होती. जिनेंद्र एका हातानं गाडी चालवत सरपंचाला फोन लावत होता, ती पुन्हा पुन्हा दादाला लावत होती. सरपंच भोकरदनला मीटिंगमध्ये. मग तो तिच्याशी बोलायला लागला. खरं तर स्वतःशीच. "मचूळ पाण्यात मीठ असतं. मिठानं पापुद्र्याला भोकं पाडली. भोकातून पाणी आतल्या अॅल्युमिनियमला भिडलं की हायड्रोजन सुटतो, तो धातूत शिरतो आणि धातू आतून ठिसूळ होतो. वरून दिसत काहीच नाही. साधं लोखंड गंजून लाल होतं, माणूस सावध तरी होतो..." त्यानं जीभ चावली. "क्रोमियम घातलं असतं तर पापुद्रा पक्का झाला असता. महाग म्हणून मी ते घातलं नाही. आणि पट्ट्यांचं वजन बघत बसलो, एखादी वाकवून बघायची अक्कल मला झाली नाही."

"शेठ, त्या वरच्या पायऱ्या?" तिनं विचारलं.

"त्या कोरड्या राहिल्या. त्या ठीक असतील. खालच्या पावसाळ्यापासून पाण्यात होत्या. आता पाणी उतरलंय म्हणजे उघड्या पडल्या असणार. चमकत असतील." त्यानं गाडी आणखी दामटली. दैवशालानं पदर तोंडात घातला. तिला एकच दिसत होतं, दादा आणि चमकणारी पायरी. रेणुकामातेला तिनं वाटेत किती नवस बोलून टाकले, त्याची गणतीच नाही.

विहिरीवर पोचले तर लिंबाला सदरा लटकत होता. काठावर सर्जेराव आणि गावातले चारपाच जण दोर धरून उभे, गाळाची बादली वर ओढत होते. म्हणजे दादा खाली होता.

दैवशाला लहानपणापासून कधी विहिरीत डोकावली नव्हती. पाणी शेंदायची वेळ आली तर डोळे मिटून शेंदायची. आज ती कठड्यावर पोटानं आडवी झाली आणि खाली बघितलं. खूप खाली, चाळीस फुटांवर, कमरेएवढ्या पाण्यात पुंजाराम उभा होता. भिंतीला वरपासून खालपर्यंत पायऱ्या, सगळ्या एकसारख्या आणि चकचकीत. उतरताना त्यांनी त्याला झेललं होतं. कसं झेललं, देव जाणे.

"दादा!"

त्यानं वर पाहिलं. "आं? दैवू? तू हितं काहून?"

"दादा, पायऱ्यांवरून येऊ नको! हायेस तिथंच थांब!"

"मंग काय उडत येऊ?" तो खालून ओरडला. काठावरची माणसं हसली. सर्जेराव म्हणाला, "आक्का, त्याचं काम झालं, आता येतोच वर. तुम्ही बसा निवांत सावलीला." सगळं गाव तिला ओळखत होतं ना! पुंजारामची भित्री बहीण. बेंडबाजा वाजला तरी रडणारी. तिनं आजवर इतक्या वेळा नको नको म्हटलं होतं, की आजच्या नकोला काही किंमतच उरली नव्हती.

पुंजारामनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

जिनेंद्र पुढं झाला. "पुंजारामभाऊ, ऐका, थांबा! पायऱ्या खराब असू शकतात."

पुंजारामनं दुसऱ्या पायरीला हात घातला. "शेठ, तुमचाच कागद हाय ना? ह्याच विहिरीच्या पाण्यात तीन महिने ठेवल्या म्हणून? म्या स्वतः पाणी आणून देल्तं." जिनेंद्रनं दैवशालाकडं पाहिलं.

पुंजारामचा दुसरा पाय पाण्यातून वर आला. आता त्याचा सगळा भार त्या पायरीवर.

मग ती ओरडली. इतक्या जोरात, की लिंबावरचे कावळे उडाले.

"दादा, त्यो कागद खोटा हाय! तू आणलेलं पाणी म्या मोरीत फेकलं! शिळं म्हणून फेकलं, आन् नळाचं भरलं! हे पाणी त्या लोखंडाला आठवडाभरच लागलं! म्या कुणाला सांगितलं न्हाई, सकाळीबी भेले, सांगितलं न्हाई! तुझी पायरी मोडंल दादा, काचंसारखी मोडंल, म्या सोता मोडलेली बघितली!"

काठावर कुणी हसलं नाही. सगळं गाव ऐकत होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. खाली पुंजाराम तसाच थांबला होता, एक हात पायरीवर, तोंड वर. मग अगदी हळू पाय मागं घेतला आणि पुन्हा पाण्यात उतरला.

"दोर टाका," तो म्हणाला.

सर्जेरावनं दोर सोडला. पुंजारामनं तो कमरेला आणि काखेतून गुंडाळला, गाठ दोनदा ओढून पाहिली. वरून पाच जणांनी ओढायला सुरुवात केली, जिनेंद्रनंही हात लावला. दैवशाला कठड्यावरून हलली नाही. पुंजाराम भिंतीला धडकत, स्वतःला हातानं सावरत वर येत होता. आणि रागावलाही होता. "यष्टीत मांडीवर घेऊन बसलो पाणी, कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या, आन् हिनं मोरीत फेकलं! शिळं म्हणं!" असं तो येता येता बडबडत होता. स्वभावच तसा, ऐकेल तर शपथ. तळापासून चारपाच पायऱ्या वर आल्यावर तो म्हणाला, "बघू तर खरं, किती खोटी हाय," आणि दोराला लटकल्या लटकल्या त्यानं टाच पायरीवर हाणली.

जोरात नव्हती हो. दाराला लाथ मारावी एवढीच.

पायरी मधोमध तुटली. तिचा तुकडा भिंतीवर एकदा आपटला आणि खाली पाण्यात डुबुक्कन बुडाला. दोराला हिसका बसला, वरच्या माणसांचे हात कचकन पुढं आले. सर्जेरावच्या तोंडून "अरे बाप्पा" निघून गेलं. पुंजाराम लटकत होता, खाली बघत होता, आणि त्यानं त्यानंतर एकाही पायरीला पाय लावला नाही.

वर आल्यावर त्याला कठड्यावरून उचलून घेतलं. तो लिंबाखाली बसला. जिनेंद्र त्याच्यापुढं उकिडवा बसून म्हणाला, "भाऊ, मावशीची चूक लहान. मोठी माझी आहे. सगळ्या पायऱ्या आजच्या आज काढतो." पुंजारामनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. दैवशाला त्याच्याजवळ गेली. तिला वाटलं आता हा आपल्याला हाणणार. हाणलं असतं तरी चाललं असतं.

"चुकलं माझं, दादा," ती म्हणाली.

त्यानं हात लांबवून फांदीवरून सदरा काढला, खिशातून फोन काढला. फोनवर तिचे वीसबावीस मिसकॉल होते, ते त्यानं बाजूला सारले आणि एक फोटो उघडून तिच्यासमोर धरला. रविवारचा होता. गावची अकरा पोरं पोहायला आलेली, सगळीच्या सगळी पायऱ्यांवर लटकलेली, ओली, दात काढून हसणारी. सगळ्यात खाली, पाण्याच्या अगदी वर, त्याची पोरगी मीना एका हातानं पायरी धरून दुसऱ्या हातानं टाटा करत होती. तिच्याही खांद्यावर कुणाचं तरी पोरगं बसलेलं.

"म्याच म्हणलं, चढा सगळे, फोटू काढतो," पुंजाराम म्हणाला. "म्याच म्हणलं, दैवू."

तिनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला. मग तो उठायला गेला आणि त्याला उठता येईना. चाळीस विहिरी उतरलेला माणूस, गुडघे धरून बसला. त्यानं वर तिच्याकडं पाहिलं. असा चेहरा तिनं त्याचा कधी पाहिला नव्हता, आरशात मात्र रोज पाहिला होता.

"मला घरी नेती का?" तो म्हणाला. "हात धर. पायच उचलंना."